पू आधी बाटलीत, गोळी नंतर पोटात: हाडासांध्यांच्या जंतुसंसर्गाचं निदान आणि उपचार

पायात रॉड टाकून आठ महिने झालेला माणूस ओपीडीत येतो. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एक्स-रे आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. नडगीवर एक बारीकसं तोंड पडलेलं असतं, त्यातून लस झिरपत असते. चिठ्ठ्या उलगडल्या की पाच वेगवेगळी अँटिबायोटिक्स सापडतात, एखादं पाच दिवस दिलेलं, एखादं दहा दिवस. गोळ्या चालू असतात तोवर जखम कोरडी, बंद केल्या की पुन्हा ओली. गठ्ठ्यात सगळं असतं, नसतो तो एकच कागद: आत नेमका कुठला जंतू बसलाय हे सांगणारा कल्चर रिपोर्ट.

मी पूर्व विदर्भात हाडांचा डॉक्टर आहे. अशा पिशव्या घेऊन फिरणाऱ्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि खेड्यात त्यांना सगळ्यात आधी बघणाऱ्या डॉक्टर मित्रांसाठी हे लिहितोय. गोळ्यांची मात्रा इथे मुद्दाम देत नाही. ती वजन, किडनी, लिव्हर आणि रिपोर्ट बघूनच ठरते. पण कामाचा क्रम कसा असावा, कुठे घाई करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

हाडात जंतू एवढा ठाण मांडून का बसतो

मांसात पू झाला तर तिथे सूज पसरायला जागा असते. हाड म्हणजे बंद डबी. आत पू साठला की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि हाडाचा तेवढा तुकडा मरतो. या मेलेल्या तुकड्याला डॉक्टरी भाषेत सिक्वेस्ट्रम म्हणतात. त्याला रक्त पोहोचत नाही, आणि रक्त नाही तिथे औषधही नाही. जंतू तिथे वर्षानुवर्षं मुक्काम करतात. म्हातारी माणसं ज्याला हाड्याव्रण म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच.

धातूच्या प्लेटवर किंवा कृत्रिम सांध्यावर आणखी एक भानगड होते. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीला जसा बुळबुळीत थर धरतो, तसा थर जंतू स्वतःभोवती तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. नुसतं पाणी ओतून टाकीचा थर निघत नाही, घासावा लागतो. इथेही तसंच. बायोफिल्ममधल्या जंतूला मारायला लागणारी औषधाची ताकद रक्तातल्या जंतूपेक्षा कितीतरी पट जास्त असते, आणि तेवढी मात्रा माणसाला देता येत नाही.

आधी घड्याळ बघा

रुग्ण समोर आला की मी पहिल्यांदा एवढंच ठरवतो, हे काम तासांचं, दिवसांचं की आठवड्यांचं.

सांध्यात पू झाला असेल तर काम तासांचं. पुवातले जंतू आणि आपल्याच पांढऱ्या पेशी मिळून कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, खातात, आणि गेलेली कूर्चा परत येत नाही. लहान मुलाच्या खुब्यात तर दाब वाढून मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. मुलांमधला हाडाचा नवा संसर्ग, आणि कोणत्याही वयात थंडी वाजून ताप येणारा, रक्तदाब घसरलेला, बरळणारा रुग्ण, हेही याच रांगेत.

मणक्याचा संसर्ग बहुतेक वेळा दिवसांचं काम असतो. पायातली ताकद जात नसेल आणि रुग्ण स्थिर असेल तर औषध सुरू न करता आधी तपासणीसाठी हाडाचा तुकडा काढायला वेळ असतो.

आणि वरची पिशवी? कित्येक महिने झिरपणारी जखम हे आठवड्यांचं काम. तिथे आजच्या आज सहावं अँटिबायोटिक लिहिण्यासारखी चूक नाही. उलट, रुग्ण ठीक असेल तर चालू गोळ्या बंद करून साधारण दोन आठवडे थांबायचं आणि मग खोलवरचा नमुना घ्यायचा. रुग्णाला हे पटवणं अवघड जातं. डॉक्टर औषध बंद करतोय म्हणजे हात टेकले, असं घरच्यांना वाटतं. त्यांना समजावण्यात पंधरा मिनिटं गेली तरी हरकत नाही.

संशय कधी घ्यायचा

मुलांच्या बाबतीत गोष्ट जवळजवळ नेहमी अशीच सुरू होते: "दोन दिवसांपूर्वी खेळताना पडला होता, मुका मार असेल म्हणून मालीश केली." मूल रोजच पडतं, त्यामुळे पडल्याची आठवण कुणालाही सापडते. ताप, लंगडणं किंवा पाय टेकायला साफ नकार, आणि सांधा हलवायला गेलं की किंकाळी, हे एकत्र आलं तर मुका मार विसरा. अशा सांध्याला मालीश, शेक, बिब्बा, लेप यातलं काहीही नको. कातडी भाजली तर पुढे सुई कुठून घालायची हाही प्रश्न होतो.

तान्ह्या बाळाला तापही नसतो. ते फक्त एक हात किंवा एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना रडतं, दूध कमी पितं. "बाळाचा हात लचकला असेल" म्हणून अंगाला लावणाऱ्या बाईकडे नेलेली बाळं मी बघितली आहेत. जन्मल्यावर काचेच्या पेटीत राहिलेल्या आणि नाळेतून सलाईन लागलेल्या बाळांबद्दल तर विशेष सावध राहावं.

खुब्यासाठी एक जुनी मोजपट्टी आहे. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९९९ साली चार खुणा सांगितल्या: ३८.५ सेल्सिअसच्या वर ताप, पायावर भार न टाकणं, ईएसआर (अंगातली सूज-जळजळ दाखवणारी रक्ततपासणी) ४० च्या वर आणि पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. त्यांच्या अभ्यासात तीन खुणा असलेल्या मुलांमध्ये पू असण्याची शक्यता ९३ टक्के होती, चारही असतील तर ९९ च्या वर. नंतर इतर ठिकाणी हे आकडे इतके छान जुळले नाहीत. म्हणून मी तिचा उपयोग मुलाला घरी पाठवण्यासाठी करत नाही, सोनोग्राफीला पाठवण्यासाठी करतो. सोनोग्राफीत खुब्यात पाणी दिसलं आणि मूल आजारी दिसत असेल, तर सुई घालायचीच.

मोठ्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा गुडघा धरला जातो. अचानक सुजलेला, गरम, ठणकणारा एकच सांधा हा उलटं सिद्ध होईपर्यंत पुवाचा समजावा. "एकच" या शब्दाला वजन आहे. चिकनगुनियाच्या साथीत माणूस दोन्ही मनगटं, दोन्ही घोटे धरून येतो. पुवाचा सांधा बहुधा एकटा असतो, तरी कधीकधी दोन-तीनही निघतात. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात, हुबेहूब असाच दिसतो, आणि गोंधळ वाढवायला दोन्ही एकाच सांध्यात नांदू शकतात. सांध्यातल्या पाण्यात युरिक ॲसिडचे स्फटिक दिसले म्हणून कल्चर रद्द करायचं नाही. स्टिरॉइड घेणारे, डायलिसिसवरचे, संधिवाताचे जुने रुग्ण आणि मधुमेही यांना ताप नसतानाही सांध्यात पू असू शकतो.

आमच्या भागात सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, वेगळी डोकेदुखी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, तिकडे नंदुरबार, या पट्ट्यात सिकलसेलचं मूल हाड दुखतंय म्हणून आलं की प्रश्न पडतो: रक्तपुरवठा तुटल्याने आलेली कळ की जंतू? ताप दोन्हीत, सूज दोन्हीत, सीआरपी (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) दोन्हीत वाढतो. कळ जास्त वेळा असते. पण सलाईन आणि वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, दुखणं एकाच जागी रुतून बसलं, ताप चढता राहिला, तर रक्ताचं कल्चर आणि त्या जागेतून सुईने नमुना. या मुलांमध्ये स्टॅफ या नेहमीच्या जंतूबरोबर साल्मोनेला हा टायफॉइडच्या कुळातला जंतूही हाडात सापडतो, म्हणून सुरुवातीच्या औषधात त्याचीही सोय हवी.

रक्त आणि फोटो: काय सांगतात, काय नाही

सीआरपी लवकर चढतो आणि लवकर उतरतो. ईएसआर सुस्त, चढायला काही दिवस आणि उतरायला आठवडे घेतो. म्हणून उपचार लागू पडतोय का हे सीआरपीवरून बघायचं. दोन्ही नॉर्मल असले तरी मंद संसर्ग नाकारता येत नाही, आणि दोन्ही वाढले म्हणजे हाडातच पू आहे असंही नाही.

एक्स-रे पहिल्याच दिवशी काढा, पण तो स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. हाडातलं साधारण एक तृतीयांश ते निम्मं चुन्याचं प्रमाण गेल्याशिवाय साध्या फोटोत बदल दिसत नाही, आणि तेवढं व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. "एक्स-रे नॉर्मल आहे" या वाक्यावर किती मुलांचे आठवडे गेले असतील! पहिल्या फोटोचा खरा उपयोग म्हणजे फ्रॅक्चर आणि गाठ वगळणं, आणि पुढच्या फोटोशी तुलना करायला हाताशी काही असणं.

एमआरआय काही दिवसांतच हाडातली सूज, पू आणि त्याची व्याप्ती दाखवतो. मणक्यासाठी तो हवाच. मेलेला तुकडा नेमका कुठे आहे हे मात्र सीटीत जास्त स्पष्ट दिसतं. पण सांध्यातला पू सुईने काढता येत असेल तर एमआरआयच्या तारखेची वाट बघत सांधा कुजवू नका.

नमुना: सगळा डाव इथे

आता मुख्य गोष्ट. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी नमुना. सेप्सिसमधल्या, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून खचलेल्या रुग्णालाही रक्ताच्या कल्चरच्या दोन बाटल्या घ्यायला पाच मिनिटं लागतात. तेवढी घ्यायची आणि मग लगेच इंजेक्शन. खेड्यातल्या डॉक्टर मित्रांना एकच विनंती: संशय आला आणि पुढचं रुग्णालय दोन तासांवर असेल तर गोळी न देता, फोन करून पाठवा. रुग्ण खचलेला असेल तर मात्र इंजेक्शन द्या, आणि कुठलं, किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा.

सांध्यातलं पाणी काढलं की ते तीन ठिकाणी जातं. थोडं जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या नळीत, पेशी मोजायला. थोडं निर्जंतुक डबीत, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), स्फटिक आणि क्षयाच्या तपासणीसाठी. उरलेलं थेट रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत. ही शेवटची युक्ती मुलांमध्ये फार उपयोगी आहे, कारण सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांत सापडणारा किंगेला नावाचा जंतू लॅबच्या साध्या कल्चर-प्लेटवर उगवायला कुरकुर करतो, बाटलीत जास्त वेळा सापडतो. पेशींचा आकडा ५०,००० च्या वर गेला की पुवाचा संशय पक्का. पण त्याखाली म्हणजे सुटका, असं नाही. कृत्रिम सांध्यात तर ३,००० पेशीही पुरेशा संशयास्पद असतात. आणि ग्रॅम स्टेनमध्ये जंतू दिसला नाही म्हणून जंतू नाही, असं कधीच समजू नका.

झिरपणाऱ्या जखमेच्या तोंडावर कापूस फिरवून केलेलं कल्चर मी वाचतही नाही. तिथे कातडीवरचे जंतू, ड्रेसिंगवरचे जंतू, झालंच तर हॉस्पिटलातले जंतू. आत हाडात वेगळाच कुणीतरी बसलेला असतो. त्या रिपोर्टवर चार आठवडे इंजेक्शन देणं म्हणजे चोर घरात आणि पोलीस अंगणात.

खरा नमुना ऑपरेशनमध्ये मिळतो. प्लेट, रॉड किंवा कृत्रिम सांध्याभोवतीच्या संसर्गात वेगवेगळ्या जागांचे पाच तुकडे घ्यावेत, प्रत्येक तुकड्याला स्वच्छ वेगळं हत्यार, प्रत्येकाला वेगळी डबी, डबीवर जागा लिहून. एकाच तुकड्यात कातडीवरचा जंतू उगवला तर तो बहुधा पाहुणा. तोच जंतू दोन तुकड्यांत उगवला तर तो घरमालक. धातू असेल तर लॅबला सांगायचं की कल्चरची प्लेट चौदा दिवस ठेवा. काही मंद जंतूंना तेवढा वेळ लागतोच, आणि सांगितलं नाही तर लॅब काही दिवसांतच "वाढ नाही" लिहून मोकळी होते.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका काकांच्या मणक्यातून सुईने तुकडा काढला. भूल, सी-आर्म (ऑपरेशनमधलं एक्स-रे यंत्र), घाम, सगळं झालं. सिस्टरने सवयीने तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत टाकला, कारण मी आधी काही सांगितलंच नव्हतं. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कसलं? काकांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. तेव्हापासून ऑपरेशनआधी दोन डब्या मी स्वतः टेबलावर मांडतो: फॉर्मॅलिनची पॅथॉलॉजीसाठी, आणि कोरडी किंवा थोड्या निर्जंतुक सलाईनची कल्चर व क्षयाच्या तपासणीसाठी. नातेवाइकांनीही डबी लॅबला नेताना विचारायला लाजू नये, "यात फॉर्मॅलिन आहे का? कल्चरची डबी वेगळी आहे ना?"

कोण असू शकतो

बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजेच स्टॅफ. लहान बाळापासून आजोबांपर्यंत हाच पहिला संशयित. पण रुग्णाच्या जगण्यात डोकावलं की इतर नावं आठवतात, आणि लॅबला ती नावं आधी सांगावी लागतात.

शेळ्यामेंढ्या पाळणारा, कच्चं दूध पिणारा किंवा जनावराच्या बाळंतपणात हात घालणारा माणूस कंबरदुखी, घाम आणि चढउताराचा ताप घेऊन आला तर ब्रुसेला, हा जनावरांकडून येणारा जंतू. तो कंबरेच्या मणक्यात आणि माकडहाडाच्या वरच्या सांध्यात बसतो, आणि एमआरआयमध्ये क्षयासारखाच भासतो. उपचार पूर्ण वेगळा, त्यामुळे त्याची रक्ततपासणी मागून घ्यावी लागते.

भातशेतीत पावसाळाभर अनवाणी राबणारा मधुमेही, अंगात ठिकठिकाणी पू, त्यात एक सांधा, तर मेलिऑयडोसिस, हा माती-पाण्यातल्या जंतूचा आजार. उडुपी-मंगळूरच्या किनारपट्टीवरचे डॉक्टर याला चांगले ओळखतात, आणि तिथून वर गोवा-कोकणाकडेही तो सापडतो. लॅबला तो ओळखीचा नसेल तर "स्यूडोमोनास" म्हणून रिपोर्ट येऊ शकतो. नेहमीची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत. आधी काही आठवडे सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेमचं इंजेक्शन, मग कित्येक महिने को-ट्रायमोक्साझोल, असा लांबचा प्रवास असतो.

तरुण माणसात गोनोरियाही, म्हणजे लैंगिक संबंधातून होणारा परमा, विचारावा लागतो. प्रश्न एकांतात विचारला की उत्तर मिळतं.

मणक्याचा क्षय

याला वेगळी जागा द्यायलाच हवी. पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने १७७९ साली पाठीचं कुबड आणि पायातली ताकद जाणं यांची सांगड घातली, म्हणून पॉट्स स्पाइन. हाडांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा मणक्यातच असतो. फुप्फुसात काही नसताना, खोकला नसतानाही तो होतो, हे लोकांना पटतच नाही. महिनोन्‌महिने पाठ दुखते, रात्री जास्त, संध्याकाळी कणकण, वजन उतरतं. उसण भरली, गॅस धरला, कामाचा ताण, अशी कारणं सापडत राहतात. कधी पू पाठीतून स्नायूच्या आवरणाखालून सरकत थेट जांघेत गाठ बनून उतरतो, आणि मग पाठीचं कुणाच्याच लक्षात येत नाही.

एमआरआय बघून अंदाज येतो, पण अंदाजावर वर्षभराची औषधं सुरू करायची नाहीत. तुकडा किंवा पू काढून तीन गोष्टी करायच्या: सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या चाचण्या), क्षयाचं द्रव कल्चर आणि पॅथॉलॉजी. सीबीनॅट साधारण दोन तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देतो का ते सांगतं. हाडात जंतू थोडे असल्याने ते निगेटिव्ह आलं तरी क्षय नाकारता येत नाही. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागतात, पण औषध लागू पडत नसेल तेव्हा तोच कागद वाचवतो. दर वेळी नमुन्यातला थोडा भाग साध्या जंतूंच्या कल्चरलाही पाठवायचा.

२०१६ च्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार हाडांच्या क्षयाला किमान बारा महिने औषधं, गरज पडली तर अठरापर्यंत. ती सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. नोंदणी खासगी डॉक्टरकडूनही होते, रुग्णाने आठवण करून द्यावी.

ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. बनारसच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली "मधला मार्ग" मांडला: औषधं सगळ्यांना, चाकू निवडक लोकांना. पायातली ताकद औषध चालू असताना उतरत चालली, लघवी-संडासवरचा ताबा सुटू लागला, कणा ढासळतोय किंवा कुबड वाढतंय, निदानच होत नाही, अशांना. पन्नास वर्षांनंतरही आपण बऱ्यापैकी त्याच मार्गाने चालतो आहोत.

पू काढायचा, मेलेलं हाड काढायचं, धातूचं काय?

सांध्यातला पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही. सुईने वारंवार, दुर्बिणीने किंवा उघडून, कसाही काढा, पण काढा आणि धुवा. मुलाचा खुबा बहुतेक ठिकाणी उघडूनच धुतात.

जुन्या संसर्गात मेलेलं हाड पूर्ण काढावं लागतं. सर्जन जिवंत हाडाला पोहोचला हे रक्ताच्या बारीक ठिपक्यांवरून कळतं. मागे उरलेली पोकळी तशीच ठेवली तर ती पुन्हा पुवाने भरते. म्हणून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचे मणी, स्नायूचा फ्लॅप (शेजारचा जिवंत स्नायू पोकळीत वळवणं) असे उपाय करतात. हाडाचा मोठा तुकडा गेला असेल तर इलिझारोव्हची रिंग, म्हणजे हाडाला बाहेरून तारांनी धरणारी कडी. रशियातल्या कुर्गानमध्ये गावरिल इलिझारोव्ह यांनी ती विकसित केली. हाड कापून दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव करून सरकवलं की मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. सहा सेंटिमीटरसाठी सरकवायलाच दोन महिने, आणि ते घट्ट व्हायला त्याच्या दुप्पट वेळ धरा. रिंग घालण्याआधी घरात कोण सोबत करणार, शौचाला कसं जाणार, नोकरीचं काय, हे बोलून घेतलेलं बरं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, कुठलं ऑपरेशन योजनेत बसतं ते त्यालाच विचारा.

प्लेट किंवा रॉड काढायचा का? हाड जुळलं असेल तर होय. जुळलं नसेल आणि धातू घट्ट असेल तर बहुधा आधी धुऊन, औषधांनी संसर्ग दाबून ठेवत हाड जुळू देतात, मग काढतात. हलणारं हाड आणि जंतू ही जोडी सगळ्यात वाईट. धातू सैल झाला असेल तर तो काढून बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाड धरून ठेवणारी चौकट. कृत्रिम गुडघ्यात पू झाला आणि सांधा बसवून साधारण महिन्याच्या आत किंवा लक्षणं तीन आठवड्यांच्या आतली असतील, तर धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून सांधा वाचवण्याची संधी असते. ती मुदत टळली की बहुधा सांधाच बदलावा लागतो. म्हणून ऑपरेशननंतर जखम दहा दिवस झिरपत राहिली तर "टाक्याला जरा पाणी सुटलंय" म्हणून घरी गोळ्या खात बसू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना त्याच दिवशी दाखवा.

औषध किती दिवस, आणि सुई की गोळी

सहा आठवडे इंजेक्शनच हवं, हा आमच्या पिढीला शिकवलेला नियम. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये १,०५४ रुग्णांवर झालेल्या ओव्हिवा चाचणीने तो मोडला. पहिल्या आठवड्यातच योग्य गोळ्यांवर आलेल्यांमध्ये वर्षभरात १३.२ टक्के अपयश, इंजेक्शनवाल्यांमध्ये १४.६ टक्के. म्हणजे गोळ्या कमी पडल्या नाहीत. पण ही मुभा कुणाला? ज्यांचा पू काढलाय, जंतू माहीत आहे, आणि त्या जंतूला लागू पडणारी, हाडात पोहोचणारी गोळी उपलब्ध आहे त्यांना. कल्चर नसेल तर कुठली गोळी देणार?

मुलांमध्ये तर आणखी सोपं. फिनलंडमधल्या चाचण्यांत काही दिवस इंजेक्शन आणि मग तोंडाने औषध, असे मिळून हाडाला २० दिवस आणि सांध्याला १० दिवस पुरले. आपल्याकडे मुलं उशिरा येतात, म्हणून मी सांध्याला दोन-तीन आणि हाडाला तीन-चार आठवडे धरतो, तेही ताप उतरला आणि सीआरपी निम्म्याहून खाली आला तरच. मोठ्यांना सांध्यासाठी साधारण तीन-चार आठवडे, हाडासाठी आणि साध्या जंतूच्या मणक्यासाठी सहा. कृत्रिम सांध्याला बारा: २०२१ च्या फ्रेंच चाचणीत सहा आठवड्यांवर अपयश १८.१ टक्के आलं, बारा आठवड्यांवर ९.४.

तीन औषधांबद्दल आपल्या देशात विशेष जपून राहावं लागतं. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या क्विनोलोन गोळ्या क्षयाच्या जंतूवर अर्धवट चालतात. मणक्याच्या क्षयाला त्या दिल्या की पंधरा दिवस बरं वाटतं, रोगाचं निदान महिनाभर लांबतं आणि औषधाला दाद न देणारा जंतू तयार व्हायची सोय होते. लिनेझोलिडचं तसंच, शिवाय दोन आठवड्यांच्या पुढे ते रक्तातल्या प्लेटलेट्स पाडू शकतं आणि जास्त दिवस चाललं तर हातापायांच्या आणि डोळ्यांच्या नसांना इजा करतं. त्यामुळे दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हवी. रिफाम्पिसिन धातूवरच्या स्टॅफसाठी उत्तम, पण एकटं कधीच नाही, आणि क्षय नाही याची खात्री झाल्यावरच. लघवी केशरी होते, घाबरू नका. पण गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी आणि इतर बरीच औषधं त्याच्यामुळे निकामी होतात, तेव्हा चालू गोळ्यांची यादी डॉक्टरला दाखवा.

मधुमेहाचा पाय

अंगठ्याखालची जखम महिन्यात भरत नसेल तर हाडाचा विचार करा. निर्जंतुक बोथट सळई जखमेत हलकेच घातली आणि टणक हाड लागलं, तर संसर्ग हाडापर्यंत गेल्याची शक्यता खूप वाढते. त्यात ईएसआर ७० च्या वर असेल तर आणखी. ही परीक्षा घरी कुणी करू नये, पण डॉक्टरने केली का हे विचारावं. घोट्याची नाडी लागते का तेही बघायला हवं, रक्तच पोहोचत नसेल तर औषध काय करणार. हाड काढलं नाही तर साधारण सहा आठवडे औषध. बोट काढलं आणि उरलेल्या हाडाच्या टोकात जंतू सापडला तर तीन आठवड्यांपर्यंत पुरतं. साखर, तंबाखू-विडी आणि चप्पल, या तिघांवर बोलल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही.

घरी गेल्यावर

सीआरपी सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याने. पहिल्या दोन आठवड्यांत तो उतरत नसेल तर पू उरलाय, औषध चुकलंय किंवा रुग्ण गोळ्या घेत नाहीये, या क्रमाने शोधा. एमआरआय बरं वाटू लागल्यावर पुन्हा काढायची घाई नको. रुग्ण सुधारत असतानाही चित्र महिनोन्‌महिने बिघडलेलंच दिसतं, आणि त्यावरून उगाच दुसरं ऑपरेशन होतं. सांधा मात्र दुखणं उतरलं की लगेच हलवायला लागा, नाहीतर जंतू जातो आणि गुडघा सरळच राहतो.

कागदांपैकी चार जन्मभर जपा: ऑपरेशनची टीप, कल्चर आणि औषधसंवेदनशीलतेचा रिपोर्ट, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, आणि आत धातू असेल तर त्याच्या पाकिटावरचं स्टिकर. मोबाइलमध्ये फोटो काढून घरच्या दोघांच्या फोनवर पाठवून ठेवा. हाडातला संसर्ग वीस वर्षं गप्प बसून पुन्हा डोकं वर काढतो, आणि तेव्हाच्या डॉक्टरला जुना जंतू कोण होता हे कळलं तर त्याचं निम्मं काम होतं.

आणि ज्यांची जखम खरंच वीस-तीस वर्षं झिरपते आहे, तिची सवय झाली आहे, रोज स्वतःच पट्टी बदलतात, त्यांनी एका बदलावर लक्ष ठेवावं. जखमेची कड जाड होऊ लागली, मांस फुलकोबीसारखं वर आलं, वास बदलला, सहज रक्त येऊ लागलं, तर ते नेहमीचं चिघळणं नसू शकतं. अशा जुन्या जखमेत कातडीचा कॅन्सर होतो. कडेचे दोन-तीन तुकडे, या वेळी मात्र फॉर्मॅलिनच्याच डबीत.